सात नंबरच्या नळीत काहीच नाही

माझं सगळं आयुष्य ताणात गेलं. म्हणजे दुसऱ्यांच्या. आधी उंदरांच्या, मग माणसांच्या. मेंदूवर काम करते असं सांगितलं की लोक अदबीने गप्प बसतात. पण ताण आला की मेंदूत काय होतं ते बघते, असं सांगितलं की तेच लोक खुर्ची जवळ ओढून आपल्या सुनेबद्दल बोलायला लागतात. दिल्लीतल्या प्रत्येक मराठी लग्नात माझं हे झालेलं आहे. जेवताना कुणीतरी विचारणारच, "टेन्शनवर एखादी गोळी सांग ना गं." अहो, मी उंदरांची डॉक्टर! पण ऐकतो कोण.

बाबा केंद्र सरकारात होते, मी सरकारी क्वार्टरमध्येच वाढले. मला पीएच.डी. मिळाली तेव्हा बाबांनी ऑफिसात पेढे वाटले आणि सगळ्यांना सांगितलं, "आमच्या मुलीला टेन्शनमध्ये डॉक्टरेट मिळाली." लोकांना वाटलं, बिचारीला फारच त्रास झाला असेल.

काम सांगायला सोपं आहे. आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन चिमुकल्या ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल नावाचा रस सोडतात. सकाळी तो भरपूर असतो, त्याच्याच जोरावर माणूस अंथरुणातून उठतो. दिवस मावळला की उतरतो. ताण आला की उसळी मारतो. उसळून वेळेवर खाली आला तर उत्तम. नाही आला, महिनोन्‌महिने वरच राहिला, तर मेंदूचा आठवणी जपणारा भाग आकसायला लागतो. हे मी उंदरांत पाहिलं, मेंदूचे पातळ काप करकरून पाहिलं, आणि त्यावर माझी नोकरी, बढती आणि मयूर विहारचा फ्लॅट उभा राहिला. लग्न केलं नाही. आई म्हणायची, "हिने नवरा नाही केला, उंदीर पाळले."

बाबा गेल्यावर आईने दिल्लीतल्याच द्वारकेचा फ्लॅट बंद केला आणि माझ्याकडे राहायला आली. सत्तरी ओलांडलेली, पण काय उत्साह! मराठी मंडळाचं हळदीकुंकू, कोजागिरीचं दूध, गणपतीत नाटकाच्या तालमीला चहा, सगळीकडे ही पुढे. लिफ्ट बंद असली तर जिन्याने चढून यायची आणि वर मलाच चिडवायची, "तू बस धापा टाकत." गाल तर असे भरलेले की सगळे म्हणायचे, लेकीकडचं अन्न मानवलं बाई. कुणी काही बोललं तरी मनाला लावून घेत नसे. "अच्छा, चलो, छोड़ो" हे तिचं पालुपद. दिल्लीत जन्म काढून तिने हिंदीतून एवढेच तीन शब्द घेतले होते, पण ते तिला सगळ्या प्रसंगांना पुरायचे.

आणि मी काय करायचे? भाषणात तिचा दाखला द्यायचे. खरंच सांगते. परिषदेत, कॉलेजात, निवृत्त अधिकाऱ्यांच्या क्लबात. ताण काही मेंदू मोडतो आणि काही मेंदू पचवतात, हे समजावताना मी हसून म्हणायचे, "माझ्या घरी एक नमुना आहे. माझी आई." लोक टाळ्या वाजवायचे.

तर, आमच्या लॅबचा एक रिवाज होता. परदेशातून नवी किट आली की खऱ्या नमुन्यांना हात लावायचा नाही. किट महाग, नमुने मुश्किलीने मिळवलेले. आधी घरच्या माणसांवर रंगीत तालीम करायची. त्या वर्षी आम्ही लाळेतून कॉर्टिसॉल मोजायला सुरुवात करणार होतो. रक्त काढायला नको, सुई नको, नळीत थुंकलं की झालं. मग प्रत्येकाने आपापल्या घरून सासू, नवरा, दीर, मिळेल त्याची थुंकी आणायची असं ठरलं.

मी जेवताना आईला हे सांगितलं. म्हटलं, "तुझी थुंकी हवी आहे."

"ईऽऽ! जेवताना काय गं?" मग लगेच, "आणि तिचं तू काय करणार?"

मी सगळं समजावलं. सकाळी उठल्याबरोबर एक नळी, संध्याकाळी एक नळी. निरोगी माणूस पाहिजे. ज्याचं काही औषधपाणी चालू आहे त्याची लाळ चालत नाही, सगळंच बिघडतं. आई भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून ऐकत होती.

"मला कुठे काय चालू आहे!" ती म्हणाली. "कधी हवंय?"

"अजून आठवडाभर आहे."

"अच्छा," आई म्हणाली, आणि मला आणखी आमटी वाढली.

आठवड्याने तिने दोन्ही नळ्या दिल्या. देताना अशी लाजली की जणू मी तिचा फोटो पेपरात छापणार होते. नळ्यांवर नंबर मी स्वतः घातले, कारण कुणाची लाळ कोणती हे तपासणाऱ्याला कळता कामा नये. आई सात नंबर. सगळ्या नळ्या फ्रीजरमध्ये गेल्या आणि पुढच्या कामाच्या गडबडीत दोन-तीन दिवस तशाच राहिल्या.

त्या दोन-तीन दिवसांत आई जरा मलूल होती. मळमळतंय म्हणाली, जेवण जात नाही म्हणाली. मे महिना होता, दिल्लीतली लू चालली होती, माणसं पटापट आडवी होत होती. "पित्त झालंय," आई म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा ती पडूनच होती. मी लिंबू-सरबत करून उशाशी ठेवलं. आमच्याच मजल्यावर एक मराठी काकू राहायच्या, आईची अगदी घट्ट मैत्रीण. आमच्या घराची एक किल्ली कायम त्यांच्याकडे असायची. त्यांना सांगून मी मेट्रो पकडली.

दुपारी माझी विद्यार्थिनी हसत हसत माझ्या खोलीत आली. लखनौची मुलगी, हुशार आणि भारी वाचाळ.

"मैम, सात नंबर में तो कुछ है ही नहीं."

"म्हणजे?"

"ज़ीरो. सुबह भी, शाम भी. बंदा ज़िंदा है ना?"

मी तिच्यावरच उखडले. म्हटलं, काहीतरी घोळ घातला असशील, पुन्हा कर. मनात मात्र हसू येत होतं. आईला थुंकायची लाज वाटली असणार, नळी नळाखाली धरली असणार. आमच्या मातोश्रींना हे बिल्कुल शोभलं असतं.

तिने पुन्हा केलं. बाकी सगळ्यांचे आकडे जिथल्या तिथे. सात नंबर पुन्हा कोरा. मी म्हटलं, पाणी असेल. तिने उरलेली नळी उजेडात धरून तिरकी केली. "पानी नहीं है मैम. देखिए, लार ही है. चिपचिपी."

मी पाहिलं. लाळच होती.

माझ्या पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय झालं ते सांगते. इतका कोरा आकडा मी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिला होता. ज्या उंदरांच्या त्या दोन ग्रंथी आम्ही कापून काढायचो, त्यांच्यात. असे उंदीर मिठाचं पाणी देऊन जगवता येतात. खातात, पितात, पिंजऱ्यात फिरतात, बघणाऱ्याला काही कळत नाही. पण जरासा धक्का, थोडी थंडी, थोडा उपास, आणि दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात मेलेले सापडतात. माझ्या पहिल्या प्रबंधात यावर एक अख्खं प्रकरण आहे. आणि माझी आई तीन दिवस जेवली नव्हती.

मी घरी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग काकूंना लावला. माझा आवाज इतका चढला होता की विद्यार्थिनी दारातच थिजून उभी राहिली. "काकू, आत्ता, आत्ता जा, किल्ली लावा, फोन बंद करू नका."

किल्लीचा आवाज ऐकू आला. काकूंच्या चपलांचा आवाज. "अगं, ऐकलंस का," त्या आईला हाका मारत होत्या, "अगं, ऊठ!" आणि मग, "अगं बाई गं! अगं ही खाली पडलीये! डोळे उघडते पण काहीतरी भलतंच बोलतेय गं!"

काकूंनी शेजारच्या सरदारजींच्या मदतीने आईला गाडीत घातलं. मी टॅक्सीने थेट दवाखान्यात पोचले. आई पांढरीफटक, बीपी लागत नव्हता, मला पाहून कुणा परक्या बाईकडे पाहावं तशी पाहत होती. इमर्जन्सीतला डॉक्टर अगदी पोरगेला. तो म्हणाला, गर्मी का केस है, सलाईन चढा दिया है.

"कॉर्टिसॉल नहीं है इनमें," मी म्हटलं. "हाइड्रोकॉर्टिसोन दीजिए. अभी."

"आप डॉक्टर हैं?"

"हाँ."

"किसकी?"

काय सांगणार? "चूहों की," मी म्हणाले, आणि तिथेच रडू फुटलं. तो घाबरला असावा. त्याने मोठ्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

त्या आल्या. त्यांनी आईच्या गालांकडे पाहिलं, हातांवरची पातळ कातडी आणि जांभळे डाग पाहिले, इंजेक्शन सांगितलं, आणि ते टोचून होईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. "कौन सी दवा लेती थीं?"

"काहीच नाही," मी ठासून सांगितलं. "माझी आई कसलंही औषध घेत नाही."

माझ्यामागे काकू उभ्या होत्या. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. "घेते गं," त्या म्हणाल्या. "पुड्या."

गुडघ्यांसाठी. फरीदाबादला एक वैद्यजी होते, जडीबुटीची पुडी द्यायचे, दोन दिवसांत गुडघे लोण्यासारखे. महिन्यातून एकदा दोघी मंडळाचं काम म्हणून निघायच्या आणि पुड्या घेऊन, वर चाट खाऊन परत यायच्या. मला सांगायचं नाही अशी आईने काकूंना शपथ घातली होती. "तू सायन्सवाली," काकू म्हणाल्या, "तू ओरडली असतीस."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. असे पेशंट त्यांना रोजचेच. पुडीत जडीबुटी नावाला, खरं काम स्टेरॉइडचं. बाहेरून आयतं मिळायला लागलं की शरीरातल्या ग्रंथी कामच सोडतात, झोपी जातात. पुडी चालू आहे तोवर माणूस टुणटुणीत. एकाएकी बंद केली की ना बाहेरचं, ना आतलं.

हे मला सांगत होत्या! मी स्वतः उंदरांच्या ग्रंथी झोपवायला जे औषध टोचायचे, ते हेच. माझ्या लॅबच्या फ्रीजमध्ये त्याची बाटली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण ती माझ्यासाठीच केलेली आहे हे त्या दिवशी कळलं. फक्त एक कोडं राहिलं होतं. इतक्या इमानाने घेतलेली पुडी आईने आत्ताच का सोडली?

संध्याकाळपर्यंत आई उठून बसली. इंजेक्शनची करामत. चहा मागितला, आणि दवाखान्याचा चहा तोंडात घेऊन तोंड वाकडं केलं. मी आयुष्यात इतकी कधी सुखावले नव्हते. मग मात्र मी तडकले. म्हटलं, पुड्या घेत होतीस ते एक सोड, पण बंद का केल्यास?

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतेय.

"अगं, तूच म्हणालीस ना, औषधवाल्यांचं चालत नाही. मग मी पथ्य पाळलं. त्याच रात्रीपासून पुडीला हात नाही लावला. तुझं एवढं महागाचं सामान, माझ्यामुळे त्यात खोट नको."

"मग मला सांगायचं ना, आई!"

"सांगितलं असतं तर तू माझी थुंकी घेतली असतीस का?"

इतकी वर्षं मी काय करते हे तिला नीट कळलं नव्हतं. पहिल्यांदाच त्या कामात तिला जागा मिळत होती, आणि ती जागा जाऊ नये म्हणून ती मरणाच्या दारात जाऊन आली होती. पूजेआधी उपास धरतात तसा तिने माझ्या प्रयोगाआधी उपास धरला. देवाच्या उपासाने कुणी मरत नाही, एवढाच फरक.

पुढे मी फरीदाबादलाही गेले. त्या वैद्याची गचांडी धरायची म्हणून. दुकानाबाहेर रांग, सगळी गुडघेवाली माणसं. मी आरडाओरडा केला तर रांगेतल्या बायकांनी मलाच झापलं, "ओ मैडम, आपको क्या पता दर्द क्या होता है." मी तक्रार केली, दुकान काही दिवस बंद राहिलं, मग दुसऱ्या गल्लीत उघडलं. ते असो.

आता खरी परीक्षा होती. पुडीऐवजी डॉक्टरांची गोळी, तीही रोज सकाळी मीच द्यायची, आणि महिन्या-महिन्याने इतकीशी कमी करत न्यायची. ग्रंथी जाग्या होतील. कदाचित होणारही नाहीत, या वयात खात्री नाही, असं डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या. निघता निघता आणखी एक बोलल्या. "मूड गिरेगा. ये दवा आदमी को ऊपर उठाए रखती है. घबराइएगा मत, आपकी माँ वैसी नहीं रहेंगी जैसी थीं."

हेही मला ठाऊक होतं. पुस्तकात वाचलेलं, वर्गात शिकवलेलं. भूक, उत्साह, झोप कमी, मन हलकं. मी आईला विचारलं, पुड्या कधीपासून? म्हणाली, तुझे बाबा आजारी पडायच्या आधीपासून. म्हणजे बाबांचं आजारपण, दवाखान्याच्या फेऱ्या, बाबांचं जाणं, सगळं तिने पुडीवर काढलं होतं. बाबा गेले तेव्हा आई रडली नव्हती. तेराव्याला पदर खोचून स्वतः वाढत होती. सगळे म्हणाले, काय खंबीर बाई आहे. आणि ती खंबीर बाई मी गावभर भाषणात मिरवली होती. शी! त्यानंतर ते वाक्य मी कधी बोलले नाही.

गोळी कमी व्हायला लागली तशी आई उतरत गेली. गाल बसले. गुडघे इतके दुखायचे की बाथरूमला जाताना भिंत धरायची. मंडळाचे फोन घेईना. काकू आल्या तर तोंड फिरवून बसायची. आमटीत मीठ कमी म्हणून माझ्यावर ओरडली, आणि मी समोर ठेवलेली मिठाची बरणी तिने ढकलून दिली. कधी तासन्‌तास गॅलरीत बसून राहायची, खालच्या पार्किंगकडे बघत. मी जीव तोडून बोलायचे, हसवायचे, उपयोग शून्य. खरं सांगू? मला माझी पुडीवाली आई परत हवी होती. अर्धी गोळी जास्त दिली तर ती हसेल हे मला माहीत होतं, आणि सकाळी गोळी कापताना माझा हात थांबायचा. ही कोण बाई, आणि ती कोण होती, आणि या दोघींतली माझी आई कोणती? ज्या विषयात मी जन्म घालवला त्यात या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

हिवाळा आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एक दिवस सकाळची गोळी थांबवून बघूया. आईने पुन्हा नळीत थुंकी दिली. या वेळी लाजली नाही, काही बोललीही नाही. मी नळी घेऊन लॅबला गेले आणि या वेळी विद्यार्थिनीला हात लावू दिला नाही, सगळं स्वतः केलं.

आकडा आला. लहानसा होता, तिच्या वयाच्या बाईला पुरेल इतकाही नव्हता. पण होता. तिचा स्वतःचा. मी आणि विद्यार्थिनी, दोघी तिथेच नाचलो. "मैम, बंदी ज़िंदा है," ती म्हणाली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, वाटेत पेढे घेतले आणि घरी आले.

आई स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत बसली होती आणि रडत होती. आवाज न करता नाही, हमसून हमसून, खांदे गदगदत होते. ती अशी रडताना मी जन्मात पाहिली नव्हती. मला वाटलं पडली, नाहीतर गुडघा गेला. मी धावत गेले. "काय झालं? कुठे दुखतंय?"

तिने वर पाहिलं. "अगं," ती म्हणाली, "तुझे बाबा गेले."

मी हादरले. पहिला विचार काय आला असेल? मेंदू. आठवणी जपणारा भाग, तो आकसला, संपलं सगळं. मी तिचा हात धरला आणि पोराला समजवावं तशी म्हणाले, "आई, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली."

"माहीत आहे गं मला!" ती एकदम खेकसली. अगदी ठणठणीत शुद्धीत होती. "मला काय वेड लागलंय? मीच नाही का तेराव्याला वाढलं सगळ्यांना? पण मला ते आज कळलं." आणि मटाराच्या सालांवर डोकं टेकून पुन्हा रडायला लागली.

पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच होता. तिच्या ग्रंथी जाग्या झाल्यात हे तिला सांगायला मी आले होते. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. बाबा गेले तेव्हा मीही रडले नव्हते. आई एवढी खंबीर, तिच्यासमोर कसं रडायचं म्हणून. त्या दुपारी आम्ही दोघी रडलो.